आजींची आजन्म सोय कशी लावावी

विमा विकण्याच्या व्यवसायात ज्यांना झटपट वर जायचे आहे आणि त्यातही वृद्धांच्या 'पुढच्या सोयीची' ज्यांना विशेष काळजी वाटते, अशा होतकरू वाचकांसाठी हे लिहीत आहे. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु गेल्या महिन्यात माझ्या आत्याच्या मोबाइलवर 'प्रिय ग्राहक, खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने आपला ५ लाख रुपयांचा वार्षिक हप्ता जमा होऊ शकला नाही' असा संदेश आला, आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो ते विमा प्रतिनिधींच्या परीक्षेला नक्कीच नसावे. आत्या ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. ती वर्षापूर्वी बँकेत गेली होती ती मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला, आणि परवापर्यंत तिची समजूत अशी होती की ते करूनच ती घरी आली.

तर पहिली सूचना ही, की 'विमा' हा शब्द तोंडातून काढू नये. 'योजना' म्हणावे, 'ठेवीसारखेच आहे' म्हणावे, आणि मग समोरच्या वृद्धेला आपुलकीने विचारावे की पुढे कसली काळजी वाटते. आत्याने खरे ते सांगितले. मरणाची भीती नाही, पण अंथरुणाला खिळले तर दिवसरात्र बाई ठेवावी लागेल, तिच्या पगारासाठी हे पैसे आहेत, असे ती म्हणाली. यावर बँकेच्या अधिकाऱ्याने उत्तर दिले, "आजी, ही योजना तुम्हाला आयुष्यभर सांभाळेल." बाजारात नसलेली वस्तू विकण्यात हा मोठा फायदा असतो की ग्राहकाला चार दुकाने फिरून भाव ताडून पाहता येत नाही. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून शुश्रूषेचा सक्तीचा सामाजिक विमा आहे. आपल्याकडची सर्वसाधारण आरोग्य पॉलिसी मात्र, काही ठरावीक उपचार सोडले तर, रुग्णालयात २४ तास दाखल झाल्याशिवाय दावा मानत नाही. घरी उपचाराची तरतूद ज्या पॉलिसीत असते तिथेही ती रुग्णालयात करावे लागले असते अशा वैद्यकीय उपचारापुरतीच असते. म्हाताऱ्या माणसाला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे आणि कूस बदलून देणे याला विम्याच्या भाषेत उपचार म्हणत नाहीत. हे ग्राहकाला माहीत नसते, आणि तुम्ही सांगण्याचे काही कारण नाही.

ग्राहकाचे वय आड येत असेल तर दुसऱ्याचे वय वापरावे. बहात्तराव्या वर्षी आयुर्विम्याची अशी पॉलिसी सहसा मिळत नाही, म्हणून अधिकाऱ्याने आत्याला प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेऊन हप्ते भरणारी, केले आणि विमा उतरवला तो तिच्या नऊ वर्षांच्या नातवाचा. अर्थ असा, की आत्या अंथरुणाला खिळली तर पॉलिसी तिला एक रुपयाही देणार नाही. पैसे मिळतील ते दहा वर्षे हप्ते भरून आणि त्यानंतर पॉलिसीची उरलेली मुदत संपल्यावर, म्हणजे ती नव्वदीला टेकल्यावर, किंवा ईश्वर न करो, तो पोर गेला तर. म्हातारपणाची सोय नातवाच्या जिवावर लावण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या प्रतिभेला मी खरोखर हात जोडले.

उत्पन्नाच्या रकान्यात हात सैल सोडावा. आत्याचे वर्षाचे निवृत्तिवेतन जेमतेम त्या एका हप्त्याइतके भरते. अर्जात ती 'सल्लागार' आहे आणि वर्षाला १८ लाख कमावते.

आरोग्य पॉलिसी विकणार असाल तर आजारांचा रकाना कोरा ठेवावा आणि 'साखर काय, सगळ्यांनाच असते' असे हसून म्हणावे. वास्तविक आजार आधी सांगितला तर त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो, हे विमा नियामकाने २०२४ मध्ये ठरवून दिले आहे. न सांगितलेला आजार मात्र ६० महिने पॉलिसी सलग चालेपर्यंत दाव्याच्या मानेवर टांगलेला राहतो, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. पण दावा फेटाळला जाईल त्या दिवशी तुम्ही त्या शाखेत नसाल, हेही खरेच.

पडताळणीच्या फोनचे भय बाळगू नये. कंपनीकडून फोन येतो, संभाषण ध्वनिमुद्रित होते, आणि आपल्याला सगळे समजले आहे का, असे ग्राहकाला विचारले जाते. तुम्ही फक्त शेजारी बसावे आणि आधीच सांगून ठेवावे की प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणा, नाहीतर व्याज अडकेल. आत्याने आयुष्यभर मुलांना समजल्याशिवाय मान डोलावू नका असे शिकवले, आणि त्या दिवशी तिने सात वेळा 'हो' म्हटले. ते मुद्रण कंपनीने मला मोठ्या तत्परतेने ऐकवले.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती नीट लक्षात घ्यावी, कारण सगळ्या इमारतीचा भार या एका खांबावर आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ग्राहकाला 'फ्री लुक'चा अधिकार दिला आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसेल तर, ती परत करता येते आणि किरकोळ वजावट करून पैसे परत मिळतात. पूर्वी सर्वसाधारणपणे १५ दिवसांची असलेली ही मुदत २०२४ मध्ये सरसकट ३० दिवस करण्यात आली, याबद्दल वर्तमानपत्रांत कौतुकही छापून आले होते. या अधिकाराचे काय करायचे? अगदी सोपे आहे. ज्या बाईने आयुष्यात कधी ईमेल पाठवलेला नाही, तिच्या नावाने, तिचे जन्मवर्ष जोडून, आपल्याच मोबाइलवर एक ईमेल पत्ता तयार करावा. ती पासबुक छापून घ्यायला रांगेत उभी असेल तेवढा वेळ त्याला पुरतो. तो पत्ता अर्जात लिहावा. दस्तऐवज तिथे पोहोचतो, ३० दिवसांचे घड्याळ चालू होते, आणि ते घड्याळ ज्या खोलीत टिकटिकत असते तिचा दरवाजा कुठे आहे हेच त्या बाईला ठाऊक नसते. मी कंपनीला लिहिले की आत्याला दस्तऐवज मिळालेलाच नाही. उत्तर आले की तो पॉलिसी निघाली त्याच दिवशी मिळाला आहे, शिवाय तो उघडून पाहिल्याची नोंदही आमच्याकडे आहे. उघडून पाहिल्याची! कोणी उघडला? आत्याने? तिला मोबाइलवर आलेला फोटो मोठा करून पाहण्यासाठी शेजारची मुलगी लागते. हे मी दुसऱ्या पत्रात विचारले, तिसऱ्या पत्रात विचारले, दूरध्वनीवर वेगवेगळ्या पाच जणांना विचारले, आणि प्रत्येकाने 'आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत' असे म्हणून मला तीच तारीख पुन्हा वाचून दाखवली. शाखेत गेलो तर त्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि आता पॉलिसी सोडली तर नुकसान होईल, त्यापेक्षा दुसरा हप्ता भरून टाका, असा सल्ला दिला. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्यालाही काही रक्कम मिळावी असा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, हे त्यांना मीच सांगितले. ते म्हणाले, "हो का?"

इथे उपरोध जमेनासा झाला आहे, म्हणून सरळच लिहितो.

ग्राहकाच्या संरक्षणासाठी केलेली प्रत्येक तरतूद इथे ग्राहकाविरुद्धचा पुरावा झाली आहे. सही तिची, आवाज तिचा, ओटीपी तिच्या मोबाइलवर आलेला, दस्तऐवज 'तिच्या' ईमेलवर पोहोचलेला. विक्री होते ती तोंडी, टेबलापलीकडून, 'आजी' म्हणत. आणि जबाबदारी मोजली जाते ती कागदावरून. नियम करणाऱ्यांना हे कळत नाही असे मी मानायला तयार नाही. अमेरिकेत दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यासाठी तेथील राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने जो आदर्श नियम केला आहे, त्यात पॉलिसी देण्याआधी अर्जदाराकडून आणखी एका व्यक्तीचे नाव घ्यावे लागते, किंवा असे नाव द्यायचे नाही हे अर्जदाराने लेखी द्यावे लागते. हप्ता थकून पॉलिसी बंद पडायची वेळ आली की त्या दुसऱ्या व्यक्तीलाही कळवावे लागते, कारण म्हातारे माणूस विसरू शकते, एवढी साधी गोष्ट नियमाने गृहीत धरली आहे. आपल्याकडे ही तरतूद विक्रीच्याच दिवशी लावता येणार नाही का? सत्तरीच्या पुढच्या माणसाला लाखोंची पॉलिसी विकली की घरातल्या दुसऱ्या एकाला फोन करा, त्याच्या पत्त्यावर छापील कागद पाठवा, आणि तो कागद पोहोचल्याशिवाय ३० दिवस मोजू नका. यात अवघड काय आहे?

आणि ज्यांनी हे केले त्यांना सांगतो, टार्गेटचे कारण मला देऊ नका. तुमच्यावर वरून दबाव आहे हे मला मान्य आहे. तो दबाव तुम्हाला पॉलिसी विकायला लावतो. खोटा ईमेल पत्ता बनवायला, निवृत्त शिक्षिकेला सल्लागार करायला आणि तिला शेजारी बसून 'हो' म्हणायला लावायला तुमचे स्वतःचे डोके लागते. तिने तुम्हाला स्वतःची सर्वांत मोठी भीती सांगितली आणि तुम्ही तिचाच दर ठरवलात. वरचे साहेब, ज्यांना महिन्याचा आकडा दिसतो आणि त्यात ७२ वर्षांच्या किती बायका अचानक लाखोंनी कमावू लागल्या ते दिसत नाही, तेही यात तितकेच आहेत. आणि आम्ही नातेवाईकही काही कमी नाही. 'बँकेतच गेली होतीस ना, मग काळजी कशाला' असे वर्षभरापूर्वी फोनवर तिला मीच म्हणालो होतो.

कंपनीने तक्रार लेखी फेटाळली आहे, त्यामुळे विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते, आणि निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो. फक्त फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. अर्ज मी काल पाठवला. आत्याने तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, आणि मगच सही केली. अर्जात मागणी पूर्ण रकमेची आहे, आणि तिच्याही वर, पहिल्या क्रमांकावर, एक प्रश्न आहे: त्या ईमेल पत्त्याचा पासवर्ड आज कोणाकडे आहे?