स्वाइन फ्लू: सर्वांची तपासणी न करणं म्हणजे लपवाछपवी नव्हे

'साधा ताप असला तरी स्वाइन फ्लूची तपासणी करून घ्या. सरकार ती टाळून आकडे लपवतं,' असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. 2009 मध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, तेव्हा तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या होत्या. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पुढे रुग्णांचे अ, ब, क गट पाडले. अ गटात सौम्य ताप, खोकला, घसादुखी: तपासणी नाही, टॅमिफ्लू (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) नाही, घरीच वेगळं राहायचं. ब गटात गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही वगैरे. त्यांना तपासणीविनाच औषध देता येतं. धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, नखं निळसर पडणं हा क गट. त्यांची तपासणी होते, तातडीने दाखल करतात आणि औषध अहवालाआधीच सुरू होतं. प्रयोगशाळा याच रुग्णांसाठी मोकळी राहायला हवी. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.