आज्जीला गप्प बसवणारा मेसेज

सध्या बेळगावातल्या घराघरांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या भाचीच्या सासरच्या ग्रुपवर तो आला आणि दुसऱ्याच दिवशी त्या घरात ठरलं, बाळाशी कुणी मराठीत बोलायचं नाही. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, चार-दोन शब्दांपलीकडं अजून बोलत नाही. त्याचे आईबाप दोघंही नोकरीवर जातात, दिवसभर तो आज्जीजवळ असतो. तिला मराठी येतं, बाजारापुरतं कन्नड येतं, इंग्रजीचा गंध नाही. म्हणजे तिनं नातवाशी बोलायचंच नाही. भाचीनं मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, हे खरं आहे काय गं?’

खरं नाही. बेळगावातल्या वडगावात मी बालवाडी चालवते, हाच मेसेज माझ्या वर्गातल्या आयांच्या हातातही आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच लिहिते.

मेसेजचा सारांश असा. सीमाभागातली मुलं उशिरा बोलतात, कारण घरात मराठी, दारात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. चार भाषांनी लहान मेंदूत गोंधळ होतो. उपाय म्हणून पाच वर्षांपर्यंत एकच भाषा बोला आणि ती इंग्रजी असू द्या. इंग्रजी कार्टून लावून ठेवा. मुलगे उशिराच बोलतात, आइन्स्टाईनसुद्धा चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता, तेव्हा पाच वर्षं डॉक्टरांकडं धावू नका. जीभ जड वाटली तर वेखंड मधात उगाळून चाटवा. शेवटी, ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा.’

आधी भाषांच्या गोंधळाचं बघू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या मुलं दोन-तीन भाषांत वाढली आहेत. माझ्या वर्गात शहापूरच्या एका मराठी घरातली तीन वर्षांची मुलगी आहे. भाजीवाली अक्का दारात आली की तिला म्हणते, ‘कोतंबरी कोड्री’ (कोथिंबीर द्या), आणि वळून त्याच दमात आईला, ‘आई, तिला पैसे दे की.’ मोठ्या माणसाशी कन्नडमध्ये बोलताना ‘री’ लावायचं हे तिला कुणी बसवून शिकवलेलं नाही. कुणाशी कुठली भाषा, हे तिचं तिला कळतं. याला गोंधळ म्हणणाऱ्यानं अशा मुलाजवळ तासभर बसून बघावं.

याचा नीट अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या मायामी शहरात पिअर्सन, फर्नांडिस आणि ओलर यांनी ८ ते ३० महिन्यांच्या मुलांचे शब्द मोजले. काही मुलं एकाच भाषेत वाढणारी, काही इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन भाषांत वाढणारी. १९९३ साली हा अभ्यास छापून आला. दोन भाषांतल्या मुलांचे दोन्हीकडचे शब्द एकत्र धरले तर ती एकभाषी मुलांच्या मागं नव्हती. आमच्याकडं चूक होते ती इथंच. आई मराठी शब्द मोजते, इंग्रजी शाळेतल्या बाई इंग्रजी शब्द मोजतात, शेजारची कन्नड काकू तिचे मोजते, आणि प्रत्येकीला वाटतं की पोराला फारसं येत नाही. सगळे एका वहीत लिहा आणि मग बोला.

यातलं अर्धं खरं असेल तर एवढंच की दोन भाषांतल्या मुलाचे प्रत्येक भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी असू शकतात आणि मराठी वाक्यात कन्नड शब्द येतात. मोठी माणसंही इथं तसंच बोलतात. तो आजार नव्हे.

हे सगळं मी एका कागदावर लिहून सोडून दिलं असतं. पण ‘डॉक्टरांकडं धावू नका’ हे वाक्य वाचून मला राहवेना, कारण या वाक्यानं मुलाचं कायमचं नुकसान होऊ शकतं आणि ते मी जवळून बघितलंय.

वडगावात अजून पुष्कळ घरांत माग आहेत. पॉवरलूम चालू असला की खोलीत खडखड एवढी की माणसं ओरडून बोलतात, हातवारे करतात, समोर येऊन तोंड दाखवून सांगतात. अशा एका घरातली मुलगी माझ्याकडं आली तेव्हा तिला चौथं वर्ष लागत आलं होतं. बोलणं जवळजवळ नाहीच. घरात आई मराठी, वडील कन्नड, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की दोन भाषांमुळं उशीर होतोय, बोलंल की हळूहळू. मी कानाबद्दल विचारलं तर आई म्हणाली, ‘ऐकू येतंय की तिला, माग थांबला की लगेच मान वर करते.’ ती जमिनीवर बसून खेळायची. मागाची थरथर फरशीतून अंगाला लागते, ती थांबली की बहिऱ्या माणसालाही कळतं. वर्गात मी तिच्या पाठीमागं उभी राहून साध्या आवाजात नाव घेतलं, ती खेळतच राहिली. समोर जाऊन घेतलं, ती हसली. पुढं तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचं निघालं. आता तिला कानाचं यंत्र आहे, ती बोलायला शिकते आहे, पण ज्या वर्षांत मूल सगळ्यांत जास्त शिकतं ती तिची वर्षं भाषांवर खापर फोडण्यात गेली.

कुकरच्या शिट्टीला दचकतो, दार आपटलं की वळतो, म्हणून कान चांगले, असं प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. कान म्हणजे दिव्याचं बटण नव्हे की एकतर चालू नाहीतर बंद. कित्येक मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात आणि स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला हाक ऐकू जाते, शब्द मात्र पुसट ऐकू येतो, मग तो उच्चारणार कसा? सारखी सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागं पाणी साठून काही काळ ऐकू कमी येतं. ते पुष्कळदा आपोआप बरं होतं, काही वेळा उपचार लागतात, आणि यातलं काय आहे ते तपासल्याशिवाय घरात बसून कुणालाच सांगता येत नाही.

तपासणीची भीती बाळगायचं कारण नाही. ओएई या चाचणीत कानात मऊ बूच घालून बारीक आवाज सोडतात, मूल काही करत नाही, यंत्र मोजतं. बेरा या चाचणीत डोक्याला चिकटपट्ट्या लावतात, मूल झोपलेलं असलं की झालं. सुई नाही, दुखणं नाही. नवजात बाळाचीसुद्धा करता येते. जगभरातले कानाचे तज्ज्ञ तर सांगतात की बाळाच्या पहिल्या महिन्यात चाचणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा. आणि हा मेसेज सांगतो पाच वर्षं थांबा! कानाला लावायचं यंत्र काय, कानाच्या आत यंत्र बसवायची कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया काय, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला त्यांचा फायदा पहिल्या काही वर्षांतच सर्वांत जास्त होतो. पाच वर्षं थांबायला सांगणारा माणूस त्या मुलाची वेळ संपवतोय.

केव्हा दाखवायचं? वर्षाचं झालं तरी बाबा-दादा असली बडबड नाही, बोट दाखवून काही मागत नाही, नावानं हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी ‘दूध दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडत नाही. येत असलेले शब्द मूल विसरू लागलं तर कुठल्याही वयात, लगेच. हे शब्द कुठल्याही भाषेतले चालतात. आणि मूल सगळ्याच भाषांत मागं असेल, तर भाषा जास्त झाल्या हे त्याचं कारण असू शकत नाही, दुसरं काहीतरी शोधायला हवं. कान असेल, स्वमग्नता (ऑटिझम) असेल, किंवा नुसताच उशीर असेल, पण ते ठरवायचा हक्क मेसेज लिहिणाऱ्याला कुणी दिला?

मुलगे थोडे उशिरा बोलतात हे सरासरीनं खरं आहे, नाही म्हणत नाही. फरक थोडाच असतो, त्याच्या आधारावर वर्षानुवर्षं थांबता येत नाही. राहता राहिला आइन्स्टाईन. आपण उशिरा बोलायला लागलो हे त्यानं स्वतः १९५४ मधल्या एका पत्रात लिहिलंय. त्याच पत्रात पुढं हेही आहे की आईवडील काळजीत पडले आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. म्हणजे ज्याचं नाव घेऊन तुम्हाला डॉक्टरांपासून लांब ठेवतात, त्याच्या आईवडिलांनी नेमकं उलट केलं होतं.

वेखंड आणि मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, चाटणभरही नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळं तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. जिभेखालची तार आखूड असली तर एखाद्या उच्चाराला किंवा अंगावर पिण्याला अडचण येऊ शकते, पण त्यामुळं मूल मुकं राहत नाही. जिभेला काहीही चोळून ऐकणं सुधारत नाही.

आता घरात इंग्रजी आणि टीव्हीवर कार्टून. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधिकेनं २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या आसपासच्या अमेरिकन बाळांना काही आठवडे चिनी भाषा ऐकवली. ज्या बाळांशी चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष खेळलं, पुस्तक दाखवत बोललं, त्यांना त्या भाषेतले आवाज ओळखता यायला लागले. ज्यांना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, त्यांना काहीच आलं नाही. लहान मूल भाषा माणसाकडून शिकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एका वर्षाच्या बाळालाही बसून पडदा बघायला लावू नका, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच.

म्हणून भाचीच्या घरातल्या त्या ठरावाचा मला सगळ्यात जास्त राग आला. आज्जी भाजी निवडताना त्याच्याशी बोलते, ‘ही शेंग, ही सोल, बघ आत किती दाणे’, अंघोळ घालताना हात-पाय-पोट म्हणते, झोपवताना गाणं म्हणते. त्या पोराला दिवसभरात मिळणारं जिवंत बोलणं एवढंच होतं. ते बंद करून हातात मोबाइल दिला, आणि वर म्हणायचं की मूल बोलत नाही. आईबापांना जी भाषा अडखळत येते ती ते मुलाशी मोजकीच बोलतात. ‘कम हिअर, डोन्ट टच, इट फास्ट’, संपलं. ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट सांगता येते, रागवता येतं, लाड करता येतात, तीच बोला. एका माणसानं एकच भाषा बोलावी असाही नियम नाही.

शाळेची काळजी मात्र मला समजते, ती खोटी नाही. इथं इंग्रजी माध्यमाची चढाओढ आहे, कचेरीत कन्नडशिवाय चालत नाही, आणि आमच्या मराठी शाळांतली पटसंख्या आम्ही डोळ्यांनी बघतोय. मुलाला या तिन्ही भाषा लागणार आहेत. पण त्यासाठी दोन वर्षांच्या पोराची घरची भाषा काढून घ्यायची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असंच म्हटलंय. कन्नड यावं असं वाटत असेल तर शेजारच्या पोरांत खेळायला सोडा, आठवड्यातून एखादा तास ऐकून ती यायची नाही.

करायचं काय, ते सांगते. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी व्हायची असते. २०१३ पासूनचा हा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात ऐकू कमी येणं आणि बोलण्यात उशीर ही दोन्ही कारणं धरलेली आहेत, आणि शंका आली तर पुढच्या तपासणीला पाठवण्याची सोय आहे. पथक कधी येणार हे अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना विचारा, आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथक येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही, सरळ बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. मैसूरला वाचा आणि श्रवण यांची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. बेळगावहून लांब पडते, पण अवघड केस असेल तर तिथंही नेता येतं.

जाताना सगळ्या भाषांतल्या शब्दांची वही न्या. मूल घरी खेळताना, बोलताना मोबाइलवर थोडं टिपून ठेवा, दवाखान्यात ते गप्प होतं. डॉक्टरांनी ‘थोडं थांबू या’ म्हटलं तर म्हणा, थांबू, पण कानाची चाचणी झाल्यावर. आणि चाचणीची चिठ्ठी तिथंच लिहून घ्या.