वास येतो म्हणून घर नाही

मेलबर्नच्या बॉक्स हिलमध्ये, 109 नंबरच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ, सहा टेबलांची एक खानावळ आहे. दार उघडायच्या आधीच तिचा वास गाठतो. मला आधी वाटलं, जवळपास कुठेतरी गटार तुंबलंय. सोबत ऑफिसातली मैत्रीण होती, ती मूळची दक्षिण चीनमधल्या नाननिंग शहराची. तिचा चेहरा मात्र माहेरी आल्यासारखा खुलला होता.

तिथे लुओसफन मिळतं. मैत्रिणीच्याच ग्वांगशी प्रदेशातल्या लिउचौ या कारखान्यांच्या शहराचा हा पदार्थ. नदीतल्या गोगलगायी आणि डुकराची हाडं तासन् तास उकळून काढलेला रस्सा, त्यात तांदळाच्या जाड गोल शेवया, वर तळलेली सोयाच्या दुधाची साय, शेंगदाणे, काळी अळंबी, आंबवलेली चवळीची शेंग आणि लालभडक तिखट तेल. गोगलगाय वाडग्यात सहसा नसते, तिची चव तेवढी रश्शात उतरते. नाव तिचं असलं तरी वास तिचा नाहीच. तो येतो आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा. पहिला घोट घेतला आणि नाक गप्प झालं. आंबट, तिखट, खोल चव. तिसऱ्या घोटाला मला घाम फुटला आणि चौथ्याला घर आठवलं.

घर आठवलं ते शेवयांमुळे. माझी आजी मालवणची. गौरी-गणपतीला तिच्याकडे शिरवाळे व्हायचे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. एकाने दांडा दाबायचा, दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. वरून नारळाच्या दुधाचा गुळाचा रस. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या आजोळी ताज्या शेवया अशाच करतात, फक्त पीठ ओलं दळलेलं असतं आणि साच्यातून धार थेट उकळत्या पाण्यात पडते. दोन भातखाऊ मुलखांतल्या दोन आज्या, आणि दोघींच्या मनगटांना एकच काम.

त्याच रात्री मुंबईहून धाकट्या भावाचा फोन आला. उपनगरात भाड्याने घर बघतोय. एजंटाने पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता. "नॉनव्हेज खाता का?" भावाने हो म्हटलं आणि संभाषण तिथेच संपलं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. घरच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस वाद झाला. एक चुलतभाऊ म्हणाला, सोसायटी त्यांची, नियम त्यांचा, आणि मासळीचा वास येतोच की जिन्यात. मावशी म्हणाली, ज्या शहराच्या पोटात कोळीवाडे आहेत तिथे मासळीच्या वासाची तक्रार कोण करतंय? हा वाद आमच्या घरापुरता नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत, मासे-मटण खाता म्हणून मराठी माणसांना घाणेरडं म्हटल्याच्या आरोपावरून प्रकरण पेटलं होतं.

चुलतभावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याला कायद्याचाही थोडा आधार आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये म्हटलं की सभासद फक्त आपल्या समाजाचे असावेत असा नियम सहकारी संस्था करू शकते. आणि एकाच ओट्यावर, एकाच फ्रिजमध्ये दोन माणसांचं जेवण असेल तर तिथे "फक्त शाकाहारी" म्हणणं मला रास्त वाटतं. इथल्या भारतीय मंडळींच्या खोलीच्या जाहिरातींतही ते असतं. माझ्या कढईत कुणी काय शिजवावं हे मी ठरवीन. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआडच्या कढईवर पहिल्या मजल्याने हक्क सांगायचा?

इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या शेकडो घरांच्या एका मालकाने 2017 मध्ये सांगितलं होतं की सावळ्या लोकांना घर द्यायचं नाही, कारण ते गेल्यावर घराला करीचा वास राहतो. त्याच वर्षी न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला मनाई केली. तेव्हा याच ग्रुपवर आम्ही सगळे चिडलो होतो, चुलतभाऊसुद्धा. हा वंशद्वेष आहे, असं त्यानेच लिहिलं होतं. बरोबरच होतं ते. आता जिन्यातल्या मासळीबद्दल तो जे म्हणतो त्याची शब्दरचना तपासून पाहावी, एवढीच माझी त्याला विनंती आहे.

परदेशात सगळं सोवळं आहे असं माझं म्हणणं नाही. पहिल्या वर्षी मी डब्यात सुकटीची चटणी नेली. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमधून बाहेर काढली तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त खिडकी उघडली. त्यानंतर चार वर्षं मी डब्यात सँडविच नेलं. ती खिडकी मला अजून आठवते. पण मी घर भाड्याने घेतलं तेव्हा अर्जात नोकरी विचारली, आधीच्या मालकाचा दाखला विचारला. काय खाता, हे विचारलं नाही. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या 2010 च्या कायद्याने वंशावरून घर नाकारता येत नाही, हे मला पुढे कळलं.

खानावळीच्या मालकीणबाई स्वतः लिउचौच्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मैत्रिणीला मध्ये घालून मी त्यांना विचारलं, शेजारी तक्रार करत नाहीत? केली होती म्हणाल्या, पहिल्याच महिन्यात, बाजूच्या दुकानाने. मग जागेच्या मालकाने माणूस आणला. धुराड्याचा पाइप मागच्या भिंतीने छपराच्या वर नेला, पंखा मोठा बसवला, निम्मा खर्च त्याने दिला. पाइप त्यांनी मला मागच्या दारातून दाखवला. जस्ताचा चकचकीत पाइप, बुंध्याशी तेलाचे ओघळ. वासाच्या तक्रारीचं उत्तर इथे पत्र्याचं निघालं. बाईंना दुकान सोडावं लागलं नाही आणि बांबूही आंबवायचा थांबला नाही. मुंबईतल्या इमारतींतही हवेचे शाफ्ट असतात. ते तुंबलेले असतील तर साफ करायचे असतात.

निघताना त्यांनी मला बांबूच्या कोंबांची छोटी बाटली दिली, पैसे घेतले नाहीत. मी पुढच्या वेळी नारळाचा रस घालून शिरवाळे नेणार आहे. साचा आईकडून मागवलाय.

भाऊ अजून घर शोधतोय. परवा एका सोसायटीचा फॉर्म त्याने मला पाठवला. त्यात "आहार" असा रकाना आहे. काय लिहू, विचारत होता. तो रकाना मुळात असायलाच नको, हे त्याला सांगितलं. तरी भरायचाच असेल तर खरं ते लिही म्हटलं. बांगडा, सुरमई आणि पावसाळ्यात सुकट.