एका अंशाचे भांडण

गेल्या महिन्याचे विजेचे बिल हाती पडले त्या वेळी माझ्या अंगात दोन स्वेटर, डोक्यावर कानटोपी आणि गळ्यात मफलर होता, आणि हा सगळा सरंजाम मी बाहेरून आल्यामुळे नव्हे, तर सकाळपासून घरातच बसून असल्यामुळे चढवलेला होता. इतके कुडकुडल्यावर बिल निदान लाजेकाजेस्तव तरी कमी यावे, अशी माझी भाबडी समजूत होती. पाकीट फोडण्यासाठी हातमोजे काढावे लागले आणि आतला आकडा पाहिल्यावर ते पुन्हा घालण्याचे भान राहिले नाही. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की त्या आकड्याने मला दरदरून घाम फुटला, आणि त्या अख्ख्या महिन्यात मला फुकट मिळालेली ऊब ती तेवढीच.

एरवी कोणतीही वस्तू घेताना आपण आधी भाव विचारतो, मग तोंड वाकडे करतो आणि परवडले तरच पिशवी पुढे करतो. उबेचा व्यवहार नेमका उलटा आहे. आधी ती भोगायची, ती भिंतींतून निघूनही जायची, आणि तिची आठवणसुद्धा पुसली गेल्यावर महिन्याने तिची किंमत कळायची. त्यात बिलाच्या पहिल्याच ओळीत ‘स्थिर आकार’ नावाची एक रक्कम असते. तुम्ही महिनाभर बटणाला हात लावला नाहीत तरी ती भरावीच लागते. हिवाळ्यात आमच्या घरातील बहुतेक गोष्टी आखडतात, दारे आखडतात, कातडी आखडते, मीही खुर्चीत निम्मा होतो. स्थिर राहिलेला आकार तो एवढा एकच.

बिल आले त्या संध्याकाळी मी मीटरसमोर स्टूल घेऊन बसलो. आमच्या मीटरवर एक इवलासा लाल दिवा आहे आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की तो १००० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झाले. आमचा हीटर २००० वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिटे खाणारा. त्या हिशेबाने दिवा तासात २००० वेळा, म्हणजे साधारण पावणेदोन सेकंदांना एकदा लुकलुकायला हवा, आणि तो तसाच लुकलुकत होता. एखाद्या तापकरी माणसाची नाडी धरून बसावे तसा मी त्या दिव्यापुढे बसलो होतो. हीटर बंद करायला लावला तेव्हा ती नाडी मंदावली आणि नुसत्या फ्रिजवर दिवा अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ डोळा मिटून राहू लागला. मला इतके हायसे वाटले की मी आणखी वीस मिनिटे तिथेच बसलो. आतून मुलीचा आवाज आला, “बाबा, तुम्हाला बरे वाटले असेल तर आता हीटर लावू का?”

आमच्या घरातील खरे रणांगण मात्र मीटर नव्हे, बैठकीच्या खोलीतील थर्मोस्टॅट आहे. तो मी १८ अंशांवर ठेवतो. पत्नी जाता जाता, पडदा सारखा करण्याच्या निमित्ताने, तो १९ वर नेते. आई २१ खाली बोलायलाच तयार नसते. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकण्यापूर्वी तो थेट २८ वर नेऊन ठेवते, कारण तिच्या मते जितका आकडा मोठा तितके घर लवकर तापते. थर्मोस्टॅट म्हणजे नळाची चावी नव्हे, ठरलेले तापमान आले की थांबण्याची ती केवळ आज्ञा आहे, हीटर १८ ला जितक्या जोराने तापतो तितक्याच जोराने २८ ला तापतो आणि फक्त थांबायचे विसरतो, हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावले. तिने आकृती नीट पाहिली आणि म्हणाली, “मग थांबू नये, असेच तर मला हवे आहे.”

पत्नीशी वाद घालणे याहून अवघड, कारण ती हिशेब मागते. “अहो, एका अंशाने असा काय डोंगर कोसळणार आहे?” असे तिने विचारले तेव्हा मी न्यूटनचा आधार घेतला. तापलेली वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते, असे त्याने १७०१ साली मांडले होते. बाहेर शून्य आणि आत २० अंश असतील, तर फरक २० चा. आतला एक अंश उतरवला की फरक १९ चा, म्हणजे गळती विसाव्या हिश्श्याने कमी. “म्हणजे बिल विसाव्या हिश्श्याने कमी होणार,” मी विजयी मुद्रेने म्हणालो. तिने मनातल्या मनात विसावा हिस्सा काढला, माझ्या दोन स्वेटरांकडे पाहिले, आणि तेवढ्यासाठी आपण हा अवतार करून बसलो आहोत काय, असे विचारले. गणित माझे होते आणि निकाल तिचा लागला, असा प्रकार आमच्याकडे नवा नाही.

मग मी जागतिक आरोग्य संघटनेला मध्ये आणले. तिने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत थंड प्रदेशातील घरांसाठी १८ अंश हे सर्वसाधारण लोकांना सुरक्षित असे किमान तापमान म्हटले आहे. माझा थर्मोस्टॅट आणि ही जागतिक संघटना यांचे इतके तंतोतंत जुळावे, याचा मला विलक्षण अभिमान वाटला आणि मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. आईने पांघरुणातून फक्त एक हात बाहेर काढून पुढचे वाच, अशी खूण केली. पुढे असे होते की वृद्ध, लहान मुले आणि दीर्घ आजार असलेली माणसे यांच्यासाठी याहून अधिक तापमान लागू शकते. “अरे, मग मी कोण आहे?” आईने विचारले. या प्रश्नाला उत्तर नसते. तिच्या खोलीचा आकडा त्या दिवसापासून २१ आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. तक्रार एवढीच की ती खोलीचे दार उघडे ठेवून झोपते.

सेल्सियसने १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळते तिथे शून्य आणि गोठते तिथे शंभर असा आकडा घातला होता, आणि ती उलटी, म्हणजे आजच्यासारखी सुलटी, त्याच्या मृत्यूनंतर झाली. ती तशीच राहिली असती तर आज आमच्या घराचे तापमान ८२ अंश भरले असते आणि ते सांगताना माझी मान ताठ असती. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्यांनी माणसाचे किती नुकसान केले आहे, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आकड्यांनी भागेना, तेव्हा मी गळती शोधण्याचे मनावर घेतले. आपण उबेचे पैसे भरतो असे आपल्याला वाटते, पण उबेला घरात राहण्याची सक्ती नसते; ती गरमाकडून थंडाकडे जाणार हा सृष्टीचा नियम आहे, आणि आपले बिल म्हणजे खरे तर तिच्या या प्रवासखर्चाचे बिल असते. वर गेलेली गरम हवा छताजवळच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची रिकामी जागा भरायला दारांच्या खालून थंड हवा आत शिरते. कुठून शिरते ते पाहण्यासाठी मी मेणबत्ती पेटवून खिडक्यांच्या कडेकडेने फिरलो. ज्योत जिथे वाकेल तिथे फट, अशी ही साधी युक्ती. पहिल्या खिडकीपाशी ज्योत नम्रपणे वाकली, दुसरीपाशी तिने साष्टांग घातला, आणि तिसरीपाशी ती वाकून थेट पडद्याला जाऊन भेटली. आग मुठीएवढीच लागली आणि मी ती मफलरने लगेच विझवली, पण पडद्याला पडलेल्या भोकातून आता थंडी आत येते, आणि मफलरला पडलेल्या भोकातून तीच थंडी माझ्या मानेपर्यंत पोहोचते.

दारांच्या खालच्या फटींसाठी मी माझ्या जुन्या विजारीचे दोन पाय कापून त्यांत चिंध्या भरल्या आणि तोंडे शिवून टाकली. ही दोन लोडवजा जनावरे दारांशी आडवी पसरली की वारा खरोखरच थांबतो. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय मला दुसरा सापडलेला नाही. फक्त त्यांतल्या एका पायाला अजून खिसा आहे, आणि मुलीने त्यात आमची सगळी बिले ठेवायला सुरुवात केली आहे.

नवा हीटर घ्यावा, असेही एकदा वाटले. दुकानदाराने मला तेल भरलेला, पंख्याचा, लाल नळ्यांचा असे प्रकार दाखवले आणि प्रत्येकाची ओळख करून देताना ‘कमी विजेत जास्त ऊब’ हे शब्द वापरले. हे शब्द ऐकून माझ्यातील शाळकरी विद्यार्थी जागा झाला. विजेवर तापणाऱ्या कोणत्याही साध्या हीटरमध्ये गेलेली जवळजवळ सगळीच वीज उष्णतेत बदलते. दोन हजार वॅटचा हीटर चकचकीत असो की खरवडलेला, तो तेवढीच ऊब देणार, फक्त कोणी ती चेहऱ्यावर फेकेल आणि कोणी तेलात मुरवून सावकाश सोडेल. मी हे बोलून दाखवल्यावर दुकानदाराने मला उष्मापंपाकडे वळवले. त्याचे म्हणणे खरे होते. तो पंप ऊब निर्माण करण्याच्या भानगडीत न पडता बाहेरच्या थंड हवेतील उष्णता उपसून आत आणतो आणि एका युनिटात तिपटीच्या आसपास ऊब देतो. मी त्याची किंमत विचारली. बिलाच्या बाबतीत आधी भाव कळत नाही अशी माझी जी तक्रार होती, ती मी त्या दुकानातच मागे घेतली. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवण्याचा सल्लाही एका हितचिंतकाने दिला होता, परंतु त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि बिलातून कायमचे सुटण्याची माझी इतकीही घाई नाही.

शेवटी शहाणपण आले ते असे, की घर तापवण्यापेक्षा माणूस तापवावा. दोन लिटर पाणी वीस अंशांवरून ऐंशीपर्यंत नेऊन रबरी पिशवीत भरायला जेवढी वीज लागते, तेवढी आमचा हीटर सव्वाचार मिनिटांत संपवतो. ही पिशवी मात्र पांघरुणात घेतली तर रात्रीचा बराच भाग साथ देते. आमच्या घरात पिशवी एकच आहे आणि पाय आठ आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे असे म्हणणाऱ्याने पिशवी पाहून कोणाचे पाय आधी, याविषयी काही सांगून ठेवलेले नाही.

याच विचारात असताना मला एक मोठा शोध लागला. निवांत बसलेले माणूस साधारण १०० वॅट उष्णता अंगातून बाहेर टाकत असते. म्हणजे आठ पाहुणे बोलावून अडीच तास बसवून ठेवले, तर दोन युनिटांची ऊब घरात आपोआप जमा होणार, आणि तीही मीटरला पत्ता न लागता. मी त्याच रविवारी मावसभावाच्या कुटुंबाला बोलावले. ते सगळे मिळून आठ जण आले आणि अडीच तास कसले, चांगले चार तास बसले. घर सुखद तापले. मी दोन्ही स्वेटर काढून ठेवले, पाहुण्यांच्या अंगावरून नजर फिरवून मनातल्या मनात वॅटांची बेरीज केली, आणि मावसभाऊ हसताना हात फार हलवतो तेव्हा त्याचे वीसेक वॅट अधिक धरले.

ते उठायला लागले तेव्हा मी सहज थर्मोस्टॅटकडे पाहिले. आकडा २३ होता. मी पत्नीकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, “अहो, चार माणसे घरात येणार, म्हणून दुपारीच वाढवून ठेवला. लोक काय म्हणतील?”

पाहुणे दारापर्यंत गेले आणि दार उघडून, अर्धे आत आणि अर्धे बाहेर अशा अवस्थेत, त्यांना चार तासांत न आठवलेले सगळे विषय आठवू लागले. एकाच्या बदलीची हकीकत झाली, दुसरीच्या गुडघ्याची झाली. उघड्या दारातून आमची ऊब त्यांच्याआधी रस्त्याला लागली होती आणि विजारीचा पाय कोणाच्या तरी लाथेने कोपऱ्यात जाऊन पडला होता. आतून आईचा आवाज आला, “अरे, दार लाव!” पाहुण्यांना ऐकू गेल्यासारखे वाटू नये म्हणून मी घाईघाईने विचारले, “बरे, तुमच्याकडे थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवता?”

“सोळा,” मावसभाऊ कानटोपी चढवत म्हणाला, “पुढच्या रविवारीही तुम्ही घरीच आहात ना?”