नवोदयचा फॉर्म कुणाचा भरायचा?

नवोदयची, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारी निवासी शाळेसाठीची, निवड परीक्षेच्या दिवशी होते, हा गैरसमज आहे. ती त्याआधीच पाचवीच्या वर्गात उरकलेली असते! अक्षर सुबक, हात पटकन वर, की "याचा फॉर्म भरा". मागच्या बाकावरच्या अबोल मुलाला कुणी विचारतच नाही. दरवर्षी हेच. मुख्याध्यापकांची सही असलेला दाखला लागतो, म्हणजे गाडी अडते ती शाळेतच.

अहो, पेपर तरी बघा. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमता चाचणीचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद. इथे अक्षर कामाचं नाही, पाठांतरही नाही. वर्गात गप्प बसणारं पोर कदाचित इथेच चमकेल. उरलेले गुण अंकगणित आणि भाषेत निम्मे-निम्मे.

पण आकृत्यांचे हे प्रकार ठरलेले असतात, सरावाने जमतात. म्हणून वर्षभर क्लास लावलेलं मूल पुढे जातं आणि आपण त्यालाच प्रज्ञावंत म्हणतो. क्लास नसलेल्या दुसऱ्याने ओएमआर पत्रिका, म्हणजे गोल भरायची उत्तरपत्रिका, पहिल्यांदा थेट केंद्रावर पाहिलेली असते. एक प्रश्न सोडला, गोल मात्र ओळीने भरत गेला, की पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. पेनाने भरलेलं खोडता येत नाही आणि परीक्षा पुन्हा देता येत नाही.

पात्र असलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरा. चार जुने पेपर, कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, घड्याळ लावून दोन तास. एवढं तरी करा!