जखमी व्हायच्या आधी कागद करून ठेवा

फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, पळणं पुरे झालं. आधी मोंढ्यातल्या झेरॉक्सवाल्याशी ओळख वाढवा, पुढं तोच कामी येणार आहे. परवा माझ्या डिसेबिलिटी पेन्शनच्या, म्हणजे नोकरीत आलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनच्या, अर्जाला उत्तर आलं. इंग्रजीत, दोन ओळी. बोफोर्स तोफेशेजारी उभं राहून गेलेल्या डाव्या कानाचा नोकरीशी संबंध नाही म्हणे, आणि नोकरीनं तो बिघाड वाढलाही नाही. तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

पडायचंच असेल तर साक्षीदार बघून पडा. इंज्युरी रिपोर्ट नसेल तर पाय मोडलाच नव्हता असं समजा.

बीपी वाढवायचं तर सीमेवर वाढवा. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत, वाढलं की ते घरून नेलेल्या लोणच्यामुळे.

अपंगत्व 20 टक्के तरी भरेल याची काळजी घ्या. 19 भरलं तर घरी जा.

कानाची गोष्ट मात्र लई नाजूक. भरतीला डॉक्टरनं कान तपासून शेप-वन लिहिलं, म्हणजे फौजेच्या भाषेत एकदम तंदुरुस्त. त्यातला एच ऐकण्याचाच असतो. पुढं गोळा सुटला की कानात कुंईऽऽ व्हायचं, कापसाचा बोळा दाबायचा आणि दुसरा गोळा भरायचा. तेव्हा एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेलो असतो तर कामचोर ठरलो असतो. गेलो नाही, म्हणून आता नोंद नाही. हपिसातले साहेब विचारतात, कान कोणत्या तारखेला गेला, त्याचा कागद आहे का? अहो, कान जाणं म्हणजे एसटीचं तिकीट आहे का, तारीख-वेळ छापून हातात यायला? रोज थोडा थोडा गेला तो! सुप्रीम कोर्टानं 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं; नाही म्हणायचं असेल तर ते फौजेनं सिद्ध करायचं. आणि हे मलाच म्हणतात, पुरावा आणा!

दाद मागायला ट्रायब्युनल, म्हणजे फौजेच्या खटल्यांचं कोर्ट, आहे की. मुंबईत. परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, वकिलाची फी मोजायची, पुढची तारीख घेऊन परत यायचं. जिंकलात तरी सरकार वर अपिलात जायला मोकळं. तोवर धीर धरा, तसंही तुम्हाला फारसं ऐकू येत नाही.

बस झालं. साहेबांनो, लाज वाटू द्या जरा. 26 जानेवारीला शाल-नारळ द्यायला बोलावता, भाषणात शूर जवान म्हणता, आणि त्याच माणसाला चपराश्यासमोर तासन् तास उभं करता. शाल ठेवा तुमच्यापाशी. दावा फेटाळायचा तर कारण लिहा, मला वाचता येईल अशा भाषेत लिहा. आणि पुरावा माझ्याकडे काहून मागता? भरतीच्या वेळचा माझा मेडिकलचा कागद तुमच्याच कपाटात आहे. आधी तो काढा अन् वाचा.