ताई, तुमच्या एक स्टारबद्दल

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. उत्तर रात्रीच लिहायला घेतलं होतं, पण काउंटरवरच्या मुलाला विचारल्याशिवाय लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबले.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पीसीओडीसाठी (अंडाशय-हार्मोनचा त्रास, ज्यात पाळी अनियमित होते) तुम्ही ४०:१ वाली इनोसिटॉलची पावडर (४०:१ म्हणजे त्यातल्या दोन प्रकारच्या इनोसिटॉलचं प्रमाण), केसांसाठीचं १०,००० मायक्रोग्रॅमचं बायोटिन आणि डी ३ म्हणजे ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटवाली पाकिटं मागितली. आम्ही तिन्ही दिलं नाही. वरून चारचौघांत पाळीची तारीख विचारली, मेटफॉर्मिन (साखर-इन्सुलिनची गोळी) कधीपासून चालू आहे ते विचारलं, आणि 'आधी रक्त तपासा' म्हणून परत पाठवलं. 'हे मेडिकल आहे की दवाखाना? ऑनलाइन दोन दिवसांत सगळं घरी येतं,' असं तुम्ही लिहिलंय.

आधी चारचौघांतलं बोलते. चूक आमचीच आहे. मंगळवार होता, बाजाराचा दिवस, काउंटरला माणसं खेटून उभी. मी मागे माल लावत होते आणि मुलानं तिथूनच मोठ्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता, पण विचारायची ती जागा नव्हती. आपल्या गावात काउंटरवर बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं, हे मी त्याला आधीच समजावून सांगायला हवं होतं. मनापासून माफी मागते. आजपासून असे प्रश्न कुणी तोंडी विचारणार नाही. छोटा कागद ठेवलाय: चालू गोळ्या कोणत्या, पाळीची शेवटची तारीख, दिवस राहिल्याची शक्यता, घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का, अलीकडे कोणती तपासणी झाली. लिहा, मला दाखवा आणि कागद परत घेऊन जा.

पण तिन्ही वस्तू दिल्या नाहीत, त्याची माफी मी मागणार नाही. का, ते सांगते. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलेन, तुमचं बाकी काही इथं येणार नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कंपनीची अशाच पावडरीवर स्कीम होती, दहा डब्यांवर दोन फुकट. जवळच्याच खेड्यातली एक बाई कापूस वेचणीच्या पैशातून पोरीसाठी १,४०० रुपयांचा एक डबा न्यायची. पोरीची पाळी लांबली होती, वजन वाढलं होतं, केस गळत होते. कुणीतरी पीसीओडी म्हटलं होतं, मीही तेच धरून चालले. चौथ्या डब्यानंतर ती बाई आली ती डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. 'बाई, पोरगी त नुसती झोपूनच रायते. यवतमाळला नेली त थायरॉइड निघाला.' त्या एका डब्याच्या पैशात थायरॉइडच्या गोळ्या वर्षभर पुरून उरल्या असत्या. ती मला एक शब्द वाईट बोलली नाही. उलट म्हणाली, डबे चांगले आहेत, तिखट-हळद ठेवायला कामी आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार महिने पोरगी माझ्या भरवशावर थांबली होती, आणि मी तिच्या आईला एकही प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून आता विचारते. पाळी लांबणं, केस गळणं, वजन वाढणं यातलं बरंचसं थायरॉइडमध्येही दिसतं. म्हणूनच पीसीओएस (पीसीओडीचंच डॉक्टरी नाव) म्हणायच्या आधी डॉक्टर रक्तात टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (आणखी एक हार्मोन) पाहतात. नुसत्या सोनोग्राफीत 'सिस्ट' दिसल्या म्हणूनही निदान पक्कं होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफी, या तिन्हींपैकी दोन जुळाव्या लागतात. कोवळ्या मुलींत तर सोनोग्राफी धरतच नाहीत, कारण त्या वयात अंडाशय तसेही तसेच दिसतात.

आता बायोटिन, कारण माझा खरा अडथळा तिथेच होता. शरीराला ते दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅम लागतं आणि रोजच्या जेवणातून मिळतं. कमतरता क्वचितच आढळते. तुम्ही मागितलेल्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम होतं, गरजेच्या शेकडो पट. केसांना फायदा होईल न होईल, पण इतकं बायोटिन रक्तात असलं की काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्टच चुकतो. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी ४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटं जास्त. काही हार्मोनच्या तपासण्याही अशाच फसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. जिचा सगळा इलाज थायरॉइड आणि हार्मोनच्या रिपोर्टवर ठरणार, तिलाच मी ही गोळी हसत हसत कशी देऊ? आधीच चालू केली असेल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद करा, आणि डॉक्टरांना व लॅबवाल्याला सांगा.

डी ३ चं वेगळं आहे. ते वाईट नाही, उलट आपल्या बायकांना बरेचदा कमीच निघतं. मे महिन्यात ४५ डिग्री ऊन असतं तरी कमी निघतं, कारण शेतात साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा आणि हातही झाकलेले. अंगाला ऊन लागतंच कुठे? पण ६०,००० चं पाकीट सहसा आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, ८ आठवडे, तेही डॉक्टर सांगतील तसं. रोज एक घेणारी माणसं मी पाहिली आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूतखड्याचा त्रास होतो. म्हणून मी पाकिटावर पेनानं 'फक्त मंगळवार, बाजाराचा दिवस' लिहून देते, म्हणजे विसरायचं काम नाही. आणि तुमची ती ४०:१ वाली पावडर उलटी करून पाहा. अशा बऱ्याच पावडरींत डी ३ आणि फोलेट (फोलिक अॅसिडच्या जातीचं जीवनसत्त्व) आधीच घातलेलं असतं. त्यात मल्टिव्हिटॅमिन धरलं तर तीच वस्तू तीन ठिकाणांहून पोटात जाते.

इनोसिटॉल माझ्याकडे आहे, मी विकतेही. पण २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नीट वाचल्या तर एवढंच म्हणता येतं: घ्यायचं तर घ्या, फारसा अपाय नाही, साखर-इन्सुलिनच्या बाजूनं थोडा फायदा होऊ शकतो, पण बीज तयार होणं, अंगावरचे केस किंवा वजन यांत फार फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. ४०:१ च घ्या, असंही त्यांनी म्हटलेलं नाही. मेटफॉर्मिन चालू असताना वरून हे हवंय का, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. हे डबे अन्न म्हणून विकले जातात, औषध म्हणून नाही. यावर मार्जिन मेटफॉर्मिनपेक्षा कितीतरी जास्त सुटतं, त्यामुळे न देण्यात माझा फायदा नव्हता.

मेटफॉर्मिनचं विचारलं ते बी १२ साठी. ही गोळी बरीच वर्षं घेतली की आतड्यातून बी १२ कमी शोषलं जातं. पायाला मुंग्या, जीभ सोलवटल्यासारखी, कायम थकवा असं होऊ शकतं, आणि दूध-अंडं कमी खाणाऱ्यांना आणखी लवकर. पण म्हणून मेटफॉर्मिन स्वतःहून सोडायचं नाही. बी १२ तपासायचं, कमी असेल तर भरून काढायचं. पीसीओएस असलेल्या बाईनं एकच गोष्ट तपासायची ठरवली आणि तिचं मेटफॉर्मिन जुनं असेल, तर मी हीच सांगेन. फोलिक अॅसिडही यामुळेच जपून. भरपूर घेतलं तर रक्त बरं दिसतं आणि बी १२ ची कमतरता लपून राहते. मूल हवं असेल तर मात्र दिवस राहायच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक हवंच. पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात, हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं.

लोहाची गोळी मी सिकलसेलचं विचारल्याशिवाय देत नाही. आपल्या भागात सिकलसेल आहे, आणि अशा माणसाला गरज नसताना लोह देऊ नये. गरज असेल तर उपकेंद्रात लोह-फोलिकची गोळी फुकट मिळते, फक्त चहासोबत घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत घ्या.

आणि तीन महिने पाळी आली नसेल तर माझ्याकडे न येता आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाचं अस्तर तसंच वाढत राहणं चांगलं नाही आणि त्यावर कुठल्याही पावडरीचा इलाज नाही.

तुम्ही ऑनलाइन मागवलं असेल तर मला राग नाही. सगळे डबे पिशवीत घालून आणा, रिपोर्ट असतील तर तेही. दुपारी २ ते ४ दुकानात मी एकटीच असते. कशात काय किती आहे, काय दोनदा होतंय, काय राहू द्यायचं आणि काय डॉक्टरांना विचारायचं, ते तुमच्यासमोर कागदावर लिहून देते. त्याचे पैसे नाहीत आणि त्या दिवशी काही विकत घ्यावं असंही नाही. स्टार एकच राहिला तरी चालेल, पण बायोटिन चालू केलं असेल तर थायरॉइडचं रक्त द्यायच्या आधी या.

— मालकीण व फार्मासिस्ट